काळा-पांढरा फोटो हिरवट का येतो?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आजोबा-पणजोबांचे किंवा १९५६ च्या सीमालढ्यातले जुने फोटो मोठे करून फ्रेम करण्याची कामे बेळगाव, खानापूर, निपाणीकडे बरीच होतात. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली करडा वाटलेला फोटो घरी उन्हात धरला की गुलाबी दिसतो, नाहीतर हिरवट. ग्राहक कागदाला नावे ठेवतो, दुकानदार मूळ फोटोला. दोष बहुधा शाईचा असतो.

चार रंगांच्या साध्या इंक टँक प्रिंटरमध्ये करडी शाई नसतेच. निळी, गुलाबी आणि पिवळी मिसळून तो करडा रंग बनवतो. त्यातली एक जरा वरचढ झाली की सगळ्या चेहऱ्यावर छटा चढते, आणि उजेड बदलला की तीही बदलते. शिवाय ज्या मशीनमध्ये काळी शाई पिगमेंटची (रंगाचे बारीक कण असलेली) आणि बाकीच्या डायच्या (रंग विरघळलेल्या) असतात, त्यांतल्या बहुतेकांत ग्लॉसी (चकचकीत) कागद निवडला की ड्रायव्हर, म्हणजे संगणकातून प्रिंटर चालवणारे सॉफ्टवेअर, काळी वापरतच नाही, कारण ती त्या कागदावर धरत नाही, पुसली जाते. मग केसांचा काळाही तीन रंगांचाच! ‘फक्त काळी शाई’ हा पर्याय मॅट (बिनचमकीच्या) कागदावर चालतो, पण गालावर आणि पांढऱ्या धोतरावर ठिपके उठून दिसतात. भिंतीवरच्या फोटोला ते खपते, हातात धरायच्या फोटोला नाही.

खरा उपाय म्हणजे काळी, करडी आणि फिकी करडी अशा तीन शायांचे मशीन. एप्सनने २००५ मध्ये के३ शाया आणल्या त्या यासाठीच. आज त्यांच्या पी७००, पी९०० या प्रिंटरांमध्ये ही सोय आहे; ड्रायव्हरमध्ये ‘ॲडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट’ निवडावे लागते. रंगीत शाई त्यात छटा सावरण्यापुरतीच पडते. नुसत्या कार्बनच्या शाया टिकायला सर्वांत चांगल्या, पण त्यांची झाक तपकिरी असते आणि त्या भरलेल्या मशीनवर लग्नाचे अल्बम निघत नाहीत. वेगळे मशीन ठेवण्याइतके काम असेल तरच त्या वाटेला जावे.

स्कॅन रंगीत आणि १६ बिटमध्येच (छटांच्या जास्त पायऱ्या टिपणाऱ्या पर्यायात) करावा. मूळ फोटोवर पिवळे-तपकिरी डाग असतील तर लाल चॅनेल (स्कॅनमधला फक्त लाल रंगाचा भाग) घ्यावा, त्यात ते विरतात. फोटोच पिवळा पडून विटला असेल तर उलट निळा, कारण उरलेला तपशील त्यात जास्त असतो. अडीच इंच रुंदीचा फोटो आठ इंच करायचा तर १२०० डीपीआय (इंचाला तितके ठिपके) पुरे. छपाईला ३७५ उरतात. रंगव्यवस्थापन सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर दोन्हीकडे चालू ठेवू नये, प्रोफाइल (कागद-शाईप्रमाणे रंग जुळवणारी फाइल) दोनदा लागून फोटो बिघडतो. नव्या कागदावर आधी ० ते १०० टक्के, पाच-पाच टक्क्यांच्या २१ पायऱ्यांची पट्टी छापावी. ८५, ९० आणि ९५ एकच दिसले तर फोटो सॉफ्टवेअरच्या कर्व्हमध्ये (छटा उजळ-गडद करायच्या साधनात) गडद भाग थोडा उजळावा. मॅट कागदावर हे हमखास होते, त्याचा काळा ग्लॉसीइतका खोल जात नाही.

पावसाळ्यात आपल्याकडची हवा ओली. प्रिंट निदान २४ तास उघडी वाळवावी, वर साधा कागद ठेवून तो बदलत राहावा. घाईने फ्रेम केली तर शाईतला द्रव काचेवर आतून धुके धरतो. उन्हाळ्यात नोझल (शाई सोडणारी बारीक छिद्रे) सुकतात. आठवड्यातून एकदा नोझल चेकची चाचणी प्रिंट काढली तर हेड क्लीनिंगमध्ये शाई वाया जात नाही.

काच आणि फोटो यांच्यात माउंटचे (फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीचे) अंतर हवेच. ते नसल्यामुळे काचेला चिकटलेला जुना फोटो ओढून काढू नये, वरचा थर निघून येतो. काचेसकटच स्कॅन करावा, पण सीसीडी (भिंगाच्या, जाड) स्कॅनरवर. पातळ सीआयएस स्कॅनरवर काचेच्या जाडीमुळे तो पुसट येतो.

कळावे,
एक छपाई व्यावसायिक, शहापूर, बेळगाव