बाबा, सायकल मोडली नाही

ति. बाबा आणि आई,
नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हटलं ना का गिअरची सायकल आणि तिचे गिअरच काढून टाकले, मग राहिलं काय, तेव्हा मी गप्प बसलो. एक तर इकडे रेंज जाऊन राहिली होती, आणि उत्तरही लांब होतं, म्हणून लिहूनच पाठवतो. आई, तू वाचून दाखव त्यांना, चष्मा शोधत बसतील नाही तर.

पहिले तर हे सांगतो का फेकलं काहीच नाही. १९९९ साली कापसाच्या चुकाऱ्यातून तुम्ही ती अमरावतीवरून सेकंडहँड आणली, एसटीच्या टपावर टाकून, आणि वरूडच्या स्टँडवर उतरवताना हँडल वाकलं होतं, ते मले अजून आठवते. ती मी कशी फेकीन. पण इकडे समुद्रपूर तालुक्यातली माती तुम्ही पाहिली नाही. पावसाळ्यात पांदणीनं शेतात जायचं म्हटलं का मागचा डिरेलर, म्हणजे चेन या दात्यावरून त्या दात्यावर नेणारा तो लोंबता हात, नुसता चिखलाचा गोळा होते. मागच्या पावसाळ्यात तो सरळ आऱ्यांत घुसला, तीन तारा तुटल्या आणि तो स्वतः वाकडा. हिंगणघाटात विचारलं तर म्हणे असा पार्ट आता येत नाही. दोन महिने सायकल कोठ्यात उभी होती, गाडीचं पेट्रोल जाळून जाळून जीव कंटाळला, शेवटी म्हटलं गिअरच नको.

फिक्स केली. म्हणजे मागं फ्रीव्हीलच नाही, चाक फिरलं का पायडल फिरणार आणि उतारावर पाय थांबवतो म्हटलं तर जमत नाही. समोर ४६ दाते, मागं १८, पायडलच्या एका फेऱ्यात साडेपाच मीटरच्या आसपास जाते, आणि आपला हा मुलूख सपाट असल्यामुळे पुरते. फक्त गिरडच्या टेकडीवरून खाली येताना पाय असे गरगरले का बापा रे, दर्ग्याच्या पायथ्याशी पोट्टे हसून राहिले होते. आई, घाबरू नको, समोरचा ब्रेक ठेवला आहे आणि पँटीला क्लिप लावतो, कारण या सायकलीत कपडा चेनमध्ये गेला तर ती थांबत नाही, ओढतच नेते.

आता बाबा तुमच्या कामाचं. नवा हब, म्हणजे मागच्या चाकाचा मधला तुंबा, मागवला तो १२० मिलिमीटर रुंद आणि आपल्या फ्रेममध्ये मागं जागा १२६ ची, तर दोन्हीकडे ३-३ मिलिमीटरचे वायसर टाकले. दात्याचं चक्कर सुटू नये म्हणून त्यावर जी रिंग येते तिचे आटे उलटे, डाव्या पायडलसारखे. गावातला मिस्त्री ती सरळ बाजूनं कसत बसला अर्धा तास, मी सांगतो तर ऐकतच नाही. मग त्यानं ग्राइंडर काढला. म्हणे हे फ्रेमवरचे सारे उंचवटे आता कामाचे नाही, घासून टाकतो, सायकल गुळगुळीत दिसन, पेंट मारून देतो. तिथं मात्र मी अडलो. गिअरच्या दांड्या ज्यावर बसत ते खालच्या नळीवरचे दोन खुंट, डिरेलर ज्याले लटकते तो मागचा हँगर, केबल अडकवायचे ठोकळे, एक घासू दिलं नाही. उद्या कुठं डिरेलर भेटला तर परत बसवता आला पाहिजे ना. पण नुसतं ठेवून द्यायचं म्हटलं तर ते रिकामे खुंट रोज डोळ्यासमोर, मग म्हटलं यांना कामाला लावू.

डाव्या खुंटावर घंटी बसवली, ५ मिलिमीटरचा स्क्रू, बाटलीच्या स्टँडचाच चालला. उजव्यावर पिशवीसाठी हूक केला होता, ते काही जमलं नाही. मातीच्या नमुन्यांची पिशवी झोकांडली आणि क्रँकमध्ये गेली, साधी सायकल असती तर पाय थांबवला असता, इथं काय थांबवता, सारी माती रस्त्यावर आणि नंबरच्या चिठ्ठ्या उडाल्या. तो हूक काढला. हँगरला कॅरिअरचा उजवा पाय लावला. त्याचे आटे १० मिलिमीटरचे पण बारीक, दुकानातला साधा बोल्ट मारला असता तर सत्यानाश झाला असता, म्हणून ८ चा बोल्ट आरपार घालून मागून नट दिला. डावीकडे हँगर नसतेच, तो पाय एक्सलच्या नटाखाली, त्यामुळे कॅरिअर जरा तिरपं दिसते, दिसू द्या.

पण खरी मजा डायनामोची. तुमच्या काळ्या सायकलचा तो डायनामो मी दिवाळीला पिशवीत टाकून आणला होता, तुम्हाले सांगितलं नव्हतं. समोरच्या चिमट्याला लावला, समोरचा दिवा लागला. मागचा दिवा मागच्या ब्रेकच्या भोकात बसवला, कारण मागचा ब्रेक काढला आहे. त्याची वायर गिअरच्या केबलच्याच रस्त्यानं नेली, खुंटाजवळून खाली, पायडलचा एक्सल बसते त्या बॉटम ब्रॅकेटच्या खालच्या खाचेतून, मग ठोकळ्याच्या भोकातून वर. खाचेत चिखल घासते म्हणून तेवढ्यात जुन्या ब्रेकचं कव्हर घातलं. दिसायला असं का जणू कंपनीनंच दिलं. पण दिवा लुकलुक करे. तुम्ही शिकवलं तसं पेंट खरवडून अर्थिंग दिलं होतं, म्हणजे करंट फ्रेममधूनच परत यावा, तरी हँडल वळवलं का बंद. दोन संध्याकाळी गेल्या. मग ध्यानात आलं का परतीचा करंट चिमट्यातून फ्रेममध्ये जाताना हँडलच्या कटोरीतल्या छर्ऱ्यांतून जाते, आणि मीच तिथं ताजं ग्रीस भरलेलं. दुसरी वायर सोबत टाकली, झालं. आता पहाटे ओलितावर जाणारे लोक आवाजावरूनच ओळखतात, घुंऽऽ आला का समजतात कृषी सहायक येऊन राहिला.

एक काम आहे. परवा समोरचा बल्ब गेला आणि लगेच मागचाही उडाला, सारा जोर त्या एकावरच आला. माळ्यावर डालड्याच्या डब्यात तुमचे जुने बल्ब आहेत, त्यातला ६ व्होल्ट ०.६ वॅटचा छोटा शोधून ताईसोबत पाठवा. समोरचा इथं भेटला. आणि गिअरच्या दोन्ही दांड्या मी कागदात गुंडाळून ताईजवळ देतो, त्या त्याच डब्यात ठेवा.

आई, तुरीले फुलं आली, तिकडे आंबिया बहाराचा संत्रा तोडणीले आला का ते कळव.

तुमचा
मोठा