युवा नेतृत्व घडवायचे तर शिबिर नको, वर्षभराचा गट हवा

महोदय,

१२ जानेवारी जवळ आला की राजमाता जिजाऊ आणि स्वामी विवेकानंद यांच्या जयंतीनिमित्त गावोगावी युवा नेतृत्व शिबिरे जाहीर होतात. मांडव, ध्वनिक्षेपक, पाहुण्यांची भाषणे, सामूहिक शपथ, प्रमाणपत्रे, गटछायाचित्र. हेतू चांगला असतो, पैसाही बराच लागतो. पण दिवसभर मांडवात बसलेली मुलेमुली तिथे बोलत नाहीत आणि काही ठरवतही नाहीत, त्यामुळे दुसऱ्या दिवशी गावात काही उरत नाही. हाच खर्च एका गावात १५ ते २० जणांच्या साप्ताहिक गटावर वर्षभर करावा, असे ग्रामीण भागात किशोरवयीन गटांबरोबर काम करणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांचे स्पष्ट मत आहे.

यात नवे काही नाही. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वयोगटासाठी हीच रचना आहे. साधारण हजार लोकवस्तीमागे चार समवयस्क शिक्षक, म्हणजे त्याच वयाची, गट चालवणारी मुले, दोन मुली आणि दोन मुलगे. प्रत्येकाने १५ ते २० जणांचा गट बांधायचा आणि आठवड्याला एक-दोन तास भेटायचे. गावात ही रचना कुठे अडते, त्याबद्दल हे पत्र आहे.

पहिली चूक निवडीत होते. शाळेकडे चार नावे मागितली की वर्गात पहिली आलेली मुलगी, सरपंचांचा पुतण्या आणि भाषण स्पर्धेतली दोन मुले मिळतात. शाळा सुटलेली, लग्न होऊन आलेली, दिव्यांग मुले त्या यादीत येतच नाहीत, कारण यादी शाळेची असते, गावाची नसते. म्हणून सुरुवात आशाताई आणि अंगणवाडीताईंच्या सर्वेक्षणाच्या नोंदवहीवरून करावी. घरनिहाय यादी करून शाळाबाह्य, विवाहित, दिव्यांग, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातले अशा खुणा कराव्यात आणि पहिले निमंत्रण या खुणा असलेल्या घरी प्रत्यक्ष जाऊन द्यावे. समवयस्क शिक्षक लगेच नेमू नयेत. चार-पाच बैठका होऊ द्याव्यात आणि मग गुप्त चिठ्ठीने निवडावेत. तोवर कोण दुसऱ्याचे ऐकून घेते, हे मुलांना कळलेले असते.

दुसरी चूक वेळापत्रकाची. कार्यक्रम मंजूर होऊन नोव्हेंबरात सुरू झाला, तर बीड, अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यांतल्या ऊसतोड कुटुंबांतली मुले तेव्हा कारखान्याच्या फडावर गेलेली असतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. गट त्यांच्यावाचून तयार होतो आणि नंतर ती आली तरी उपरी ठरतात. शाळा उघडतानाच, जूनमध्ये आरंभ केला तर दिवाळीपर्यंत चार महिने हाती लागतात. मागे हंगामी वसतिगृहात किंवा आजीआजोबांकडे राहणाऱ्या मुलांसाठी हा गट हिवाळ्यात फार मोलाचा असतो, कारण विचारपूस करायला आईवडील जवळ नसतात.

जागेचा विचार तर क्वचितच होतो. देवळाच्या सभामंडपात बैठक ठेवली की पाळीच्या दिवसांत मुली येत नाहीत आणि काही वस्त्यांतली मुले कधीच येत नाहीत. एखाद्या वस्तीतल्या समाजमंदिरात ठेवली की बाकीच्या मुलांना घरचे अडवतात. जिल्हा परिषद शाळेचे आवार त्यातल्या त्यात सर्वांचे. तेही नसेल तर दर महिन्याला वस्ती बदलावी. मुलींसाठी वेळ उजेडातली हवी, साडेचार ते सहा. १० ते १४ आणि १५ ते १९ असे दोन गट वेगळे बसवावेत, नाहीतर धाकटी नुसती ऐकत राहतात.

पहिली २०-२५ मिनिटे खेळ, मग बोलणे. हा क्रम उलटा करू नये. लंगडी, डॉजबॉल, मिश्र संघांची कबड्डी यांनी अंग मोकळे होते, तसे तोंडही मोकळे होते. गावातले मैदान बहुतेक क्रिकेट खेळणाऱ्या मोठ्या मुलांच्या ताब्यात असते. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी ते मुलींना मिळावे, ही मागणी गटाने स्वतः मांडणे हाच नेतृत्वाचा पहिला धडा होतो. खेळानंतर सर्वांनी गोल बसायचे, प्रत्येकाने आधी दोन वाक्ये बोलायची, सर्वांची फेरी होईपर्यंत कोणी दुसऱ्यांदा बोलायचे नाही. एवढ्या एका नियमाने बैठक तीन बोलक्या मुलांची राहत नाही. निमंत्रण देणे, वेळ पाहणे, नोंदवही लिहिणे, गैरहजर राहिलेल्याच्या घरी जाऊन येणे ही कामे दर दोन महिन्यांनी फिरवावीत. शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमके तेच टाळले जाते.

दिव्यांग मुलांना ‘बोलावले होते, आली नाहीत’ असे सांगितले जाते. येण्यासारखी व्यवस्था होती का, हे आधी पाहावे. दृष्टिहीन मुलासाठी घुंगरू घातलेला चेंडू घ्यावा आणि बोलताना प्रत्येकाने आपले नाव सांगावे. कर्णबधिर मुलीला वर्तुळात अशी जागा द्यावी की सर्वांचे चेहरे दिसतील आणि उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर असेल. एकाच वेळी दोघांनी बोलायचे नाही. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण एकास बारा हवे, म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीच्या एका पायरीला १८० सेंटिमीटर लांबीचा रॅम्प. अनेक शाळांत जागा वाचवायला तो इतका तीव्र बांधतात की खुर्ची मागे घसरते. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. रॅम्प आणि खेळाचे साहित्य यांची मागणी गटाने याच तरतुदींकडे बोट दाखवून लेखी करावी.

कामाची निवड करताना झाडू घेऊन प्रभातफेरी काढणे सर्वांत सोपे वाटते, पण त्यात ठरवण्यासारखे काही नसते. सहा-आठ आठवड्यांत सुटू शकेल आणि मुलांना रोज टोचतो असा प्रश्न घ्यावा. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नसणे, शाळेच्या वाटेवरचा बंद दिवा, एसटीची वेळ. एसटीचेच पाहा. शाळा पाचला सुटते, गाडी साडेसहाला येते, हिवाळ्यात अंधार पडतो आणि दहावीनंतर मुलीचे कॉलेज बंद होते. पास मोफत असून उपयोग होत नाही. अशा वेळी गटाने शाळेच्या सलग सहा दिवशी थांब्यावर उभे राहून किती विद्यार्थी, त्यांत मुली किती, कोणत्या गावच्या, गाडी प्रत्यक्षात किती वाजता आली, हे लिहावे. मग आगार व्यवस्थापकांच्या नावे एक पानी अर्ज, त्यात एकच मागणी, सोबत हा तक्ता आणि ग्रामसभेचा ठराव. अर्जाच्या प्रतीवर पोहोच घ्यावी. शिक्का आणि आवक क्रमांक नसेल तर अर्ज दिला याला पुरावा राहत नाही. १५ दिवसांनी त्याच क्रमांकाचा संदर्भ देऊन स्मरणपत्र द्यावे. हे सारे मुलांनी करायचे असते. बहुधा इथेच मोठी माणसे काम हातात घेतात, अर्ज कुणा पुढाऱ्याच्या लेटरहेडवर जातो आणि गाडीची वेळ बदलली तरी मुले काही शिकत नाहीत.

पैशाचा व्यवहारही त्यांच्याकडे द्यावा. सुरुवातीला तीन-चार हजार रुपये पुरेत. दोघांच्या सह्या, एक मुलगी आणि एक मुलगा, प्रत्येक खर्चाची पावती, दर महिन्याला सर्वांसमोर हिशेबाचे वाचन. हिशेब चुकला तर शिक्षा न करता तो पुन्हा मांडायला लावावा.

आता सर्वांत नाजूक भाग. गट बोलू लागला की मारहाण, लैंगिक छळ, ठरलेले लग्न, जीव नकोसा होणे या गोष्टीही पुढे येतात. ‘मी कोणालाही सांगणार नाही’ असे वचन कार्यकर्त्याने किंवा समवयस्क शिक्षकाने कधीही देऊ नये. पोक्सो कायद्यानुसार बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. म्हणून पहिल्याच बैठकीत सांगावे की इथले बोलणे बाहेर जाणार नाही, पण कोणाच्या जिवाला किंवा शरीराला धोका असेल तर मदत आणावीच लागेल. समवयस्क शिक्षक हा समुपदेशक नव्हे. त्याने ऐकायचे, एकटे सोडायचे नाही आणि त्याच दिवशी मोठ्या जबाबदार व्यक्तीपर्यंत न्यायचे. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे, मोफत आणि चोवीस तास. अठरा वर्षांखालील मुलांच्या संकटासाठी १०९८. बालविवाहाची खबर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) द्यावी, ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच आहेत. हे क्रमांक भिंतीवर रंगवून भागत नाही. फोन लावल्यावर काय विचारतात, काय सांगायचे, याचा जोडीजोडीने सराव करून घ्यावा.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उपस्थिती घसरते. खुरपणीची मजुरी, पाणी भरणे, धाकटी भावंडे, पोलीस भरतीची तयारी अशी कारणे खरी असतात. तेव्हा रागावू नये, गटाला विचारून वार आणि वेळ बदलावी. परीक्षांच्या काळात बैठक पंधरवड्याला घ्यावी. गट एकाच कार्यकर्त्यावर अवलंबून ठेवू नये. दोघे हवेत, त्यांत एक स्त्री हवीच. एकाची बदली झाली की गट मोडतो, हे फार ठिकाणी घडते.

शासनाकडे आणि देणगीदारांकडे आमची मागणी अहवालाच्या नमुन्याबद्दल आहे. ‘लाभार्थी संख्या’ हा रकाना आहे तोवर शिबिरेच होतील, कारण संख्या मांडवातच मिळते. त्याऐवजी विचारावे, जूनच्या यादीतले किती जण डिसेंबरात येत होते, त्यांत शाळाबाह्य आणि दिव्यांग किती, गटाने कोणते अर्ज केले आणि त्यांना काय उत्तर आले.

ग्रामपंचायतींनाही विनंती आहे. पंचायतराज मंत्रालयाच्या नऊ संकल्पनांत ‘बालस्नेही गाव’ ही एक आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या आठवडाभर आधी मुलामुलींची स्वतंत्र सभा घ्यावी, तिच्या मागण्या इतिवृत्तात जशाच्या तशा लिहाव्यात, ग्रामसभेत त्या मुलांनीच वाचाव्यात. जी मागणी मान्य होणार नाही तिचे कारण त्याच सभेत सांगावे आणि तेही इतिवृत्तात नोंदवावे.

– किशोरवयीन गटांबरोबर काम करणारे काही कार्यकर्ते