हप्ता वळता होण्याआधी बँकेने कळवावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बचत खात्यात किमान शिल्लक न राखल्याबद्दलचा दंड भारतीय स्टेट बँकेने मार्च २०२० मध्येच बंद केला आणि २०२५ च्या मध्यास कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा यांनीही तोच निर्णय घेतला, हे चांगलेच झाले. २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सरकारी बँकांनी या दंडापोटी सुमारे ८,५०० कोटी रुपये वसूल केल्याची माहिती संसदेत दिली गेली होती. मात्र पगारदारांना आणि निवृत्तिवेतनधारकांना भुर्दंड बसण्याचे आणखी एक कारण अजून कायम आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. खात्यात पुरेसे पैसे नसल्यामुळे कर्जाचा, विम्याचा किंवा म्युच्युअल फंडाचा हप्ता परत जातो, तेव्हा आकारल्या जाणाऱ्या शुल्काबद्दल हे पत्र आहे.

स्टेट बँक जून २०२५ पासून बचत खात्यावर वर्षाला अडीच टक्के व्याज देते. या दराने दहा हजार रुपये वर्षभर पडून राहिले, तर हाती २५० रुपये येतात. हप्ता परत गेल्याचे शुल्क प्रत्येक बँकेचे वेगळे असते. ते ५०० रुपये धरले, तरी १८ टक्के जीएसटीसह ५९० रुपये होतात, म्हणजे २३,६०० रुपयांचे वर्षभराचे व्याज एका फटक्यात जाते. कर्ज देणारी संस्था आपल्या बाजूने लावते तो आकार निराळाच. खात्यात शुल्कापुरतेही पैसे नसतील, तर पुढचा पगार जमा होताच ते कापून घेतले जाते आणि त्या महिन्याचे गणितही बिघडते. या धास्तीपोटी सावध माणूस चाळीस-पन्नास हजार रुपये खात्यात नुसते ठेवून देतो. बँकेला इतका स्वस्त पैसा दुसरीकडे क्वचितच मिळतो. त्यामुळे शुल्क मिळाले तरी आणि शुल्काची भीती राहिली तरी फायदा तिचाच होतो.

ग्राहकाच्या हाती काहीच नाही, असे अर्थातच नाही. हप्त्याची तारीख पगारानंतर दोन-तीन दिवसांची घ्यावी, हे सर्वांना ठाऊक असते. पण १ ऑगस्ट २०२१ पासून, खात्यातून हप्ते आपोआप वळते करणारी ‘नॅच’ यंत्रणा रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालते, हे अजून अनेकांच्या ध्यानात नाही. पाच तारखेला रविवार आला म्हणून सोमवारी पैसे भरू, असे म्हणणाऱ्याचा हप्ता रविवारीच परत गेलेला असतो. जुन्या पिढीत दहा तारखेच्या आत पैसे भरायचे आणि महिनाअखेरपर्यंत शक्यतो काढायचे नाहीत, ही सवय अजून दिसते. १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकेवर व्याज मिळत असे, तेव्हा ती शहाणपणाची होती. १ एप्रिल २०१० पासून व्याज रोजच्या शिलकेवर मोजले जाते, त्यामुळे आता तिला अर्थ उरलेला नाही. ज्या खासगी बँकांत मासिक सरासरी शिलकेची अट आहे, तेथेही हिशेब रोजच्या अखेरच्या शिलकेच्या बेरजेवर होतो. दहा हजारांची सरासरी राखण्यासाठी तीस दिवसांच्या महिन्यात एक लाख रुपये तीन दिवस राहिले, तरी पुरते.

‘ऑटो स्वीप’ची सोय हा यातला सर्वांत उपयोगी मार्ग. ठरावीक मर्यादेवरची रक्कम आपोआप मुदतठेवीत जाते आणि हप्ता किंवा धनादेश आला, की लागेल तेवढी ठेव मोडून खात्यात परत येते. मात्र सात दिवसांच्या आत मोडलेल्या ठेवीवर व्याज मिळत नाही, आणि जुन्या करपद्धतीत बचत खात्याच्या व्याजावर असलेली दहा हजारांपर्यंतची वजावट ठेवीच्या या व्याजाला लागू होत नाही. ज्येष्ठ नागरिकांची पन्नास हजारांची वजावट मात्र दोन्ही व्याजांना मिळते. दुकानदारांच्या चालू खात्यावर तर व्याज देण्याची मुभाच नाही. त्यांनी ओव्हरड्राफ्ट (खात्यातल्या शिलकेपेक्षा जास्त रक्कम उचलण्याची सोय) घेतलेला असेल, तर रोजचा गल्ला संध्याकाळीच त्या खात्यात भरणे हिताचे, कारण तिथले व्याज रोजच्या उचललेल्या रकमेवर चढते.

तरीही शिस्तीने वागणाऱ्याचाही पगार एखाद्या महिन्यात उशिरा होतो. माझी मागणी अशा वेळेसाठी आहे. कार्ड, वॉलेट आणि यूपीआयवरून आपोआप होणाऱ्या वसुलीची सूचना ग्राहकाला किमान २४ तास आधी मिळालीच पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि कार्डांच्या बाबतीत १ ऑक्टोबर २०२१ पासून तो काटेकोरपणे पाळला जातो. कार्डावरून जाणाऱ्या दोनशे रुपयांच्या मासिक वर्गणीची आठवण त्यामुळे आदल्या दिवशी येते, आणि ‘नॅच’मधून जाणाऱ्या अठरा हजारांच्या गृहकर्जाच्या हप्त्याची आठवण करून देणे मात्र त्या त्या संस्थेच्या मर्जीवर राहते. वसुली करणाऱ्या संस्थेला तारीख आणि रक्कम आधीच माहीत असते. ग्राहकाच्या बँकेकडे मॅन्डेटची, म्हणजे हप्ता कापण्यास ग्राहकाने दिलेल्या परवानगीची, नोंद असते आणि खात्यात किती पैसे आहेत, हेही तिला दिसत असते. यात अवघड काय आहे? परत गेलेल्या इलेक्ट्रॉनिक हप्त्याबद्दल २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ज्या चुकीला एवढी शिक्षा असू शकते, तिच्याआधी एक एसएमएस पाठवण्याची सक्ती असणे हे जास्तीचे मागणे म्हणता येणार नाही.

दुसरा मुद्दा शुल्काच्या प्रमाणाचा. किमान शिलकेचा दंड कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणात असावा आणि तो लावण्याआधी ग्राहकाला कळवून शिल्लक भरण्यासाठी निदान एक महिना द्यावा, असे रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१५ पासून लागू केले आहे. परत गेलेल्या हप्त्याला हे तत्त्व लावलेले नाही. बारा हजारांच्या हप्त्याला दोनशे रुपये कमी पडले काय किंवा खाते पूर्ण रिकामे असले काय, शुल्क तेवढेच. थकबाकीदारांना धाक हवा, हे बँकांचे म्हणणे मला मान्य आहे. पण दोनशे रुपये कमी पडलेला माणूस आणि जाणूनबुजून खाते रिकामे ठेवणारा माणूस यांतला फरक बँकेच्या नोंदीत स्पष्ट दिसतो. रिझर्व्ह बँकेने ‘नॅच’च्या हप्त्यांसाठी २४ तास आधीची सूचना सक्तीची करावी आणि ती न पाठवता परत गेलेल्या हप्त्यावर बँकेला किंवा कर्ज देणाऱ्या संस्थेला कोणतेही शुल्क आकारता येऊ नये.

आपला,
एक वाचक, सांगली