आधी पाचोळा, मग साली

महोदय,

मातीऐवजी घरच्या ओल्या कचऱ्यात भाजी पिकवण्याविषयीचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. भाजी पिकते, यात वाद नाही. पण तो वाचून कुणी उद्याच साली-देठ कुंडीत ठासून वर वांग्याचे रोप लावेल, ही धास्ती वाटते. मी तेच केले होते. आठ-दहा दिवसांत रोप पिवळे पडून माना टाकू लागले, तळाशी काळे पाणी साचले आणि वासापायी घरच्यांनी कुंडीच हद्दपार केली.

लेखात पाचोळ्याचा उल्लेख जेमतेम एका ओळीत आहे, आणि खरी मेख तिथेच आहे. साली, देठ, हिरवे गवत यांत पाणी आणि नत्र भरपूर. कुजवणाऱ्या जिवाणूंना जोडीला कर्ब लागतो, तो वाळक्या पानांत. कर्ब-नत्राचे प्रमाण २५ ते ३० ला १ असले की काम सुरळीत चालते. त्यासाठी तराजू नको. एक भांडे ओला कचरा, त्यावर दोन-तीन भांडी पाचोळा, तोही चुरून. अख्खी पाने ओली झाली की एकमेकांना चिकटतात, खाली हवा पोचत नाही आणि घाण वास सुटतो. विरजण म्हणून मूठभर जुने खत पुरते; विकतच्या पावडरीवाचून काही अडत नाही. मिश्रण मुठीत दाबावे: गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. तेलकट उष्टे-खरकटे मात्र नकोच, उंदीर येतात.

दुसरी गोष्ट घाईची. अर्धवट कुजलेला पाचोळा रोपाच्या वाट्याचे नत्र स्वतःच ओढून घेतो. मोठा ढीग तर ६० अंशांपर्यंत तापतो, कोवळ्या मुळांचे काय होणार! देठ कुठला, साल कुठली हे ओळखू येईनासे झाले, ढीग निवला आणि मातीचा वास आला की मगच रोप लावावे. याला दोन-तीन महिने सहज लागतात.

लावल्यावरही कुंडी खचत राहते, वरून पक्के खत घालत राहावे लागते. टोमॅटोला ही भर मानवते, कारण त्याच्या गाडलेल्या खोडालाही मुळे फुटतात. सध्या माझी अडचण उलटी आहे. साली रोज निघतात, पाचोळा पुरत नाही. शेजारी पाने पेटवायला निघाले की मी रिकामे पोते घेऊन धावतो.

– एक वाचक