‘मलाच जमत नाही’ म्हणू नकोस

चि. वैशूस,
अनेक आशीर्वाद.

खानापुरात पाऊस लागून राहिलाय. रोप लावून झालं. बाबा बरे आहेत. आता मुद्द्याचं लिहिते, कारण फोनवर तू ‘ठीक आहे गं आई’ म्हणून विषय मिटवतेस.

रविवारी आलीस तेव्हा रात्रभर झोपेत दात खात होतीस. जेवताना फोन उपडा ठेवला होतास, पण तो थरथरला की घास हातातच राहायचा. नर्सिंग कॉलेजचे ग्रुप सगळे: परीक्षेचा ग्रुप, हजेरीचा ग्रुप, वॉर्ड पोस्टिंगचा ग्रुप. वर म्हणालीस, ‘बाकीच्यांना जमतं, मलाच जमत नाही.’ हे मला मुळीच पटलेलं नाही.

तू इथं विसरलेल्या कम्युनिटी हेल्थच्या नोट्स मी चाळल्या. कामाचा बोजा मोठा आणि ते कसं करायचं हे ठरवायची मुभा कमी, तिथं ताण सगळ्यात जास्त, असं रॉबर्ट करासेक या संशोधकानं १९७९ सालीच मांडलंय. नर्सिंगच्या पोरींना तूच शिकवतेस की हे! सकाळी वॉर्डात त्या इंजेक्शन देणार, चुकलं तर जाब तुला. दुपारी तास, मग लॉगबुकांचा गठ्ठा. मराठीशिवाय काही न येणारा आपल्याकडचा पेशंट आला की दुभाषी म्हणून परत तुलाच हाक. आणि टाइमटेबल लावताना तुला विचारतं कोण? कायम असलेल्या मॅडम रजेवर गेल्या की त्यांचे तास तुझ्या गळ्यात. तू पडलीस हंगामी, नको म्हणावं, तर पुढच्या वर्षीचा आदेश निघेल की नाही ही धाकधूक. २०१९ साली आयसीडी-११, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी, मंजूर झाली, त्यातही बर्नआउट, म्हणजे कामानं पार गळून जाणं, आजारांत धरलेलं नाही, ते कामाच्या ठिकाणाशी जोडलंय.

मी जन्मभर मानधनावर अंगणवाडी चालवली. पोलिओ, सर्व्हे, सगळं आमच्याच माथी. तुझ्या आजीला वाटायचं, ही नुसती पोरं खेळवते. २०२२ साली सुप्रीम कोर्टानं आम्हालाही ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो म्हणून सांगितलं. पण किती वर्षं राबलो हे दाखवायला कागद लागतातच. म्हणून दरवर्षीचा आदेश, मध्ये ब्रेक दिल्याचं पत्र, पगाराच्या नोंदी, सगळं एका फायलीला लाव. जादा तास तोंडी सांगितला तर ‘मॅडम, मेसेज टाका’ म्हण. कन्नडमधला करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय सही करू नकोस, क्लार्क कितीही घाई करू दे. आणि तुमच्यातल्या सगळ्या हंगामी पोरी एकत्र जाऊन बोला. एकटी गेलीस तर आगाऊ ठरशील.

झोप येतच नसेल तर टेली-मानसला, त्या मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर, फोन कर. सरकारचं आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात. पेशंटला नंबर लिहून देतेस ना, मग स्वतः लावायला लाज कसली?

बाबा लग्नाचं काढतील, ते मी बघते. गणपतीला दोन दिवस जास्तच ये. पगार कापतील, कापू देत. भाड्याला कमी पडले तर कळव, पाठवते.

तुझी,
आई