राज्यांचे हक्क, पण कशासाठी?

महोदय,

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या कारणांवर वाचकांच्या पत्रांतून चाललेली चर्चा मी आस्थेने वाचत आहे. हे युद्ध गुलामगिरीमुळे पेटले की राज्यांचे हक्क (म्हणजे केंद्रसत्तेपुढे राज्यांची स्वायत्तता) आणि आयातकर यांमुळे, असा वाद त्यात मांडला गेला. दक्षिणेकडील राज्ये संघराज्यातून का फुटली आणि उत्तरेने त्यांच्याविरुद्ध शस्त्र का उचलले, या दोन निराळ्या प्रश्नांची त्यात गल्लत होते आहे, असे मला वाटते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या राज्यांनीच लिहून ठेवले आहे. साउथ कॅरोलायना २० डिसेंबर १८६० रोजी फुटले आणि चारच दिवसांनी त्याने आपली कारणे जाहीर केली. पळून गेलेले गुलाम उत्तरेकडील राज्ये परत करत नाहीत, ही त्यातली मोठी तक्रार होती. आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे निगडित आहे, असे मिसिसिपीने तर आरंभीच नमूद केले.

राज्यांच्या हक्कांचा युक्तिवाद १८५०च्या फरारी गुलामांविषयीच्या कायद्यापाशी कोसळतो. उत्तरेतील राज्यांत शिरून माणसे पकडण्यासाठी केंद्रसत्तेचे बळ वापरणारा हा कायदा दक्षिणेला हवा होता, आणि त्याला अडवणारे कायदे उत्तरेतील राज्यांनी केले तेव्हा त्या राज्यांचा हक्क मात्र तिने मानला नाही. आयातकर वाढवणारा कायदा मार्च १८६१ मध्ये झाला. तोवर सात राज्ये फुटण्याचा निर्णय घेऊन मोकळी झाली होती.

खरी गुंतागुंत आहे ती उत्तरेच्या बाजूला. केंटकी, मिसूरी, मेरीलँड आणि डेलावेअर ही गुलामगिरी असलेली राज्ये संघराज्यातच राहिली होती, आणि बंडखोर भागांतील गुलामांना मुक्त जाहीर करणाऱ्या १ जानेवारी १८६३च्या मुक्तिघोषणेतून ती वगळण्यात आली. एकाही गुलामाला मुक्त न करता संघराज्य वाचत असेल तर आपण तसेच करू, असे राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी ऑगस्ट १८६२ मध्ये लिहिले होते. म्हणजे उत्तर प्रथम लढली ती संघराज्य टिकवण्यासाठी, हे मान्य करायलाच हवे.

मग युद्धाचा हेतू गुलामगिरी संपवण्याकडे वळला कसा? मे १८६१ मध्ये व्हर्जिनियातील, पण उत्तरेच्या ताब्यात असलेल्या मन्रो किल्ल्यात तीन गुलाम आश्रयाला आले, आणि ज्यांना शत्रूने तटबंदीच्या कामाला जुंपले होते त्यांना परत पाठवण्यास उत्तरेचे जनरल बटलर यांनी नकार दिला. त्यांच्यामागून हजारो आले. पुढे सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय उत्तरेच्या सैन्यात लढले. १८६०च्या जनगणनेत गुलामांची संख्या सुमारे साडेएकोणचाळीस लाख होती. आपल्या या चर्चेत मात्र राज्ये, कर आणि नेते आले, या माणसांनी काय केले याचा उल्लेख कोणाच्याही पत्रात नाही, म्हणून हे लिहिले.

आपला,
एक वाचक