ती ठेव तुमच्यासाठीच वापरा

तीर्थरूप आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

बाबा, मुदत संपत आलेली ठेव माझ्या नावे करण्याचा विचार तुम्ही परवा बोलून दाखवलात. फोनवर घाईने उत्तर देण्याऐवजी सविस्तर लिहावे, असे मला वाटले. मला ती रक्कम नको आहे. ती कशातून साठली, याचा हिशेब मी मांडून पाहिला आणि तिच्यावर माझा हक्क पोहोचत नाही, अशी माझी खात्री झाली.

आई, माझ्या जन्मानंतर तू नोकरी सोडलीस, तेव्हा एक पगार कमी झाला एवढीच घरात त्याची नोंद झाली. प्रत्यक्षात गेले ते पुष्कळ अधिक होते. पगार दर वर्षी सात टक्क्यांनी वाढत गेला तर दहा वर्षांत तो जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे दहा वर्षांनी जुन्याच पगारावर परतणारी स्त्री तिच्याबरोबर रुजू झालेल्या सहकाऱ्याच्या निम्म्यावर पुन्हा सुरुवात करते, आणि पुढची प्रत्येक वाढ त्या निम्म्यावरच मोजली जात असल्याने दोघांच्या रकमेतले अंतर निवृत्तीपर्यंत वाढतच राहते. सेवाज्येष्ठता, बढतीची पाळी आणि या कामात हिचा शब्द प्रमाण मानावा अशी मिळवलेली ओळख, हे तर वेगळेच. 2023 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवून दिले आहे की, श्रीमंत देशांत कमाईतली आजची तफावत बहुतांशी एकाच व्यवसायातल्या स्त्री-पुरुषांमध्ये असते आणि ती मुख्यतः पहिल्या अपत्याच्या जन्मापासून पडू लागते. नोकरीची तुला फारशी आवड नव्हती, असे तू आजही म्हणतेस. मला ते पटत नाही. ताळेबंद कसा वाचायचा हे तू मला ज्या तन्मयतेने शिकवलेस, ती तन्मयता काम नावडणाऱ्या माणसापाशी नसते.

माझ्या यशाचे श्रेय लोक माझ्या कष्टांना देतात. कष्ट मी केले आहेतच. परंतु हाती आलेली पहिली नोकरी नाकारून, बिनपगारी राहून आणखी शिकण्याची मोकळीक मला होती. माझ्याहून अधिक मेहनत घेणाऱ्या मैत्रिणीला मात्र घरी पैसे पाठवायचे असल्यामुळे मिळेल ती नोकरी धरावी लागली. आम्हा दोघींच्या वाटा तिथे वेगळ्या झाल्या. बाबा, मला थांबता आले ते तुमच्या पगारावर, आणि माझी शाळा मध्येच सुटू नये म्हणून बदलीसह येणारी बढतीही तुम्ही नाकारली होती.

पैशाने सुख मिळत नाही, हे तुमचे मत मला पूर्णपणे मान्य नाही. उत्पन्न एका मर्यादेपलीकडे गेले की रोजच्या मनःस्थितीत आणखी सुधारणा होत नाही, असे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांनी 2010 मध्ये मांडले होते. कानेमन यांनीच 2023 मध्ये अन्य सहकाऱ्यांबरोबर तो निष्कर्ष पुन्हा तपासला, तेव्हा बहुतेकांच्या बाबतीत ती सुधारणा पुढेही चालू राहते असे आढळले. हाव वाईट, यात शंका नाही. पण दुखणारा गुडघा वर्षानुवर्षे सोसत राहणे आणि घरकामाला मदतनीस न ठेवणे याला काटकसर म्हणून गौरवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ठेवीची रक्कम हाती आल्यावर तिच्यातून आधी आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया करून घ्या. उरलेल्यातला निम्मा भाग आईच्या एकटीच्या नावे ठेवा. तो तिने कोणालाही न विचारता, कारण न सांगता खर्च करावा. बाबा, दुसऱ्या निम्म्याचे काय करायचे ते तुम्ही ठरवा, फक्त त्यात माझे नाव घालू नका. शस्त्रक्रियेची तारीख ठरली की लगेच कळवा, म्हणजे मला रजा काढून वेळेवर येता येईल.

तुमची लेक